सराव पाठाआधी मेणबत्ती स्वतः पेटवून बघ

प्रश्न : मॅडम, रसायनशास्त्रात एमएस्सी करून मी शिक्षणशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेतला. पुढच्या महिन्यापासून आठ आठवडे शाळेत सराव पाठ आहेत. सातवीचं विज्ञान मिळालंय, पहिला पाठ ज्वलनाचा. टाचण चौदा पानांचं झालंय. मी बोलणार ते प्रत्येक वाक्य त्यात आहे, तरी धास्ती जात नाही. प्रयोग फसला तर? मला न येणारं मुलांनी विचारलं तर? विषय येतो, पण शिकवणं जमेल का? टाचण अजून पक्कं कसं करू?

उत्तर : टाचण सोबत पाठवलंस ते फार बरं केलंस. मी ते दोनदा वाचलं. मेहनत पानोपानी दिसते. पण चौदा पानांत तू काय बोलणार हेच आहे. मुलं काय म्हणतील याची एक ओळही नाही. तुझी धास्ती तिथून येते असं मला वाटतं. वर्गातला अर्धा भाग तू कागदावर आणलेलाच नाहीस.

तुझाच प्रयोग घेऊ. ताटलीत रंगीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा काचेचा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. पुढे तू लिहिलंयस, ‘ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं.’ हे स्पष्टीकरण वर्गावर्गातून दिलं जातं आणि ते चुकीचं आहे. मेणाच्या ज्वलनाचं समीकरण मांडून बघ. पंचवीस कार्बनचं मेण धरलं तर ऑक्सिजनचे 38 रेणू खर्च होतात आणि कार्बन डायऑक्साइडचे 25 तयार होतात. म्हणजे गेलेल्या वायूची बरीचशी जागा लगेच भरून निघते. शिवाय ज्योत विझते तेव्हा ग्लासात ऑक्सिजन बऱ्यापैकी शिल्लक असतो.

आज रात्री हा प्रयोग घरी कर आणि पाण्याच्या कडेकडे नीट बघ. ग्लास ठेवताना कडेखालून बुडबुडे निसटताना दिसतील. ती गरम होऊन फुगलेली हवा. ज्योत तेवत असताना पाणी फारसं हलत नाही. विझली की मात्र झपाट्याने चढतं, कारण आतली हवा थंड होऊन आकसते आणि पाण्याची वाफही निवते. मग तोच ग्लास तीन मेणबत्त्यांवर ठेव. ग्लास तेवढाच, ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढेल.

ही तीन मेणबत्त्यांची गोष्टच तुझा खरा पाठ आहे. एका मेणबत्तीचा प्रयोग दाखव आणि कारण विचार. ‘ऑक्सिजन संपला’ असं कुणीतरी म्हणेलच. लगेच खोडू नकोस, फळ्यावर लिही. मग विचार, ‘तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी तेवढंच चढेल, जास्त चढेल की कमी?’ प्रत्येकाला वहीत अंदाज लिहायला लाव, कारणासकट. लिहून झाल्याशिवाय काडी ओढायची नाही. नुसता तोंडी अंदाज घेतलास तर निकाल दिसताच सगळे म्हणतील, ‘आम्हाला माहीतच होतं!’ वहीतला अंदाज चुकला की मूल स्वतः अडतं, आणि अडलेल्या मुलाला कारण ऐकायचं असतं.

आता टाचण. पानाला उभी घडी घाल. डावीकडे तुझा प्रश्न, उजवीकडे त्यावर येऊ शकणारी दोन-तीन उत्तरं, चुकीची आधी. प्रत्येक चुकीच्या उत्तरापुढे, त्यावर तू काय दाखवशील किंवा काय विचारशील ते. मुख्य पाच-सहा प्रश्न शब्दशः लिही, कारण आयत्या वेळी प्रश्न घसरतो आणि त्यातच उत्तर सांगून टाकलं जातं. बाकी बोलणं मुद्द्यांत ठेव. पाठ केलेलं वाक्य अडलं की पुढचंही आठवत नाही. उद्दिष्ट एकच असू दे. ‘ज्वलन समजेल’ हे उद्दिष्ट तपासणार कसं? ‘पाणी का चढलं ते ऑक्सिजन संपल्याचा आधार न घेता सांगेल’, हे तपासता येतं.

आणि प्रत्येक प्रश्नापुढे लाल शाईने लिही : थांब. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम सेकंदभर थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, कारणांसकट येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. फळ्यापाशी उभं राहून तीन सेकंद फार मोठे वाटतात. मनात आकडे मोज.

प्रयोग फसण्याबद्दल माझाच अनुभव सांगते. माझ्या दुसऱ्या सराव पाठात पानातला स्टार्च दाखवायचा होता. आयोडीन टाकलं, पान निळं-काळं झालंच नाही. सावलीतल्या झाडाचं पान आणलं होतं आणि घरी करून बघितलं नव्हतं. मी गडबडून ‘निळं झालं असं समजा’ म्हणाले. ते वाक्य मला अजून बोचतं. ‘का झालं नसेल?’ एवढं विचारलं असतं तरी तास सोन्याचा झाला असता. (हा प्रयोग तुझ्या वाट्याला आला तर पानाचा हिरवा रंग काढायला वापरतात ते स्पिरिट थेट ज्योतीवर कधीही ठेवायचं नाही. गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचं, तेही ज्योत विझवून.)

न येणारा प्रश्न आला तर ‘मला माहीत नाही, उद्या सांगते’ म्हण, फळ्याच्या कोपऱ्यात लिही, आणि दुसऱ्या दिवशी न विचारता सांग. मुलं तुझं अज्ञान विसरतील. उद्या सांगते म्हणून न सांगितलेलं विसरणार नाहीत.

जमेल का, याचं उत्तर पहिल्या दोन पाठांवरून काढू नकोस. ते बहुतेकांचे घड्याळात फसतात. साहित्य वाटण्यात आणि आवरण्यात किती वेळ जातो, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. पाठ झाल्यावर मार्गदर्शक शिक्षकांना ‘कसा झाला?’ विचारलंस तर ‘छान’ एवढंच ऐकू येईल. आधीच सांगून ठेव, ‘आज मी प्रश्नानंतर थांबते का, तेवढंच बघा.’ आणि निरीक्षणाच्या दिवसांत मागच्या बाकावर बसशील तेव्हा शिक्षकांपेक्षा शेजारच्या मुलाची वही बघ. तो काय लिहितो, कुठे खोडतो. त्या वहीतून तुझ्या पानाची उजवी बाजू भरेल.

नवं टाचण झालं की पाठव. चार पानांपेक्षा जास्त नको.