डोमेन कुणाच्या नावावर आहे, ते आधी बघा

गेल्या काही महिन्यांत छोट्या व्यावसायिकांकडून आलेले प्रश्न एकत्र घेऊन बसलो. शब्द वेगळे, गोंधळ तोच: वेबसाइट केली, पैसे गेले, पण गुगलवर आम्ही दिसत का नाही? एकेकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा इथे लिहितो.

महिना १५ हजारांत, ३० दिवसांत गुगलवर पहिला नंबर, लेखी हमीसह, असा फोन आला. करार करावा का? (टाइल्सचं दुकान, सांगली)

करू नका. पहिल्या नंबरची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गुगलनं स्वतःच लिहून ठेवलंय. हमी ‘पूर्ण’ झाली हे दाखवताना अनेकदा तुमच्याच दुकानाचं नाव टाइप करून दाखवतात. त्या नावावर तुम्ही तसेही वर आला असता. ‘सांगलीत बाथरूम टाइल्स’ असं शोधणारं गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत पोचतंय का, एवढंच विचारा.

गुगलला जाहिरातीचे पैसे दिले की जाहिरातीशिवायचा नंबरही सुधारतो का?

नाही.

आमच्या वेब डिझायनरनं मेटा कीवर्डमध्ये (पानाच्या कोडमधला, वाचकाला न दिसणारा शोधशब्दांचा टॅग) २०० शब्द भरलेत आणि त्याचं वेगळं बिल लावलंय. उपयोग होईल का?

क्रमवारीसाठी तो टॅग वापरत नाही, असं गुगलनं २००९ सालीच जाहीर केलं. बिलातून ती रक्कम काढायला सांगा.

आमचा देवगडला हापूसचा धंदा आहे. एजन्सीचं काम पटत नाही, म्हणून नवीन माणसाकडून साइट करून घ्यायची आहे. जुनी एजन्सी म्हणते, डोमेन (म्हणजे साइटचा पत्ता) आमच्या खात्यात आहे, दोन वर्षांचे पैसे भरा मग देतो. काय करावं?

एसईओ (गुगलच्या शोधात साइट वर आणण्याचं काम) म्हणजे कीवर्ड आणि बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या लिंक) एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. डोमेन आपल्या हातात आहे का, हे कुणीच विचारत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच झालेलं असतं.

एक हॉटेलमालक आले होते. साइट चांगली चालायची, एके सकाळी बंद. डोमेनची मुदत संपलेली. रिन्यूअलच्या सूचना जायच्या त्या साइट बनवणाऱ्या मुलाच्या ईमेलवर, आणि त्यानं तो धंदा सोडून नोकरी धरलेली. हॉटेलच्या पाटीवर, बिलबुकावर, टेम्पोच्या पाठीवर तोच पत्ता रंगवलेला. मालकांच्या हातात काय? ९ हजारांची एक पावती, आणि तीवर ‘वेबसाइट वर्क’ एवढे दोनच शब्द.

डोमेन ही दुकानाच्या जागेसारखी गोष्ट आहे. साइट पुन्हा बांधता येते. पण त्या पत्त्यावर वर्षानुवर्षं जमलेली ओळख, तुमच्याबद्दल लिहिलेल्या पानांवरून येणाऱ्या लिंक, हे सगळं पत्त्याला चिकटलेलं असतं. पत्ता गेला की तेही गेलं.

तुमच्या बाबतीत, आधी भांडू नका. मूळ करार, कोटेशन, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, पैसे भरल्याच्या नोंदी एका फाइलमध्ये जमवा. डोमेन तुमच्या रजिस्ट्रारकडच्या (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडच्या) खात्यात हलवायला ऑथ कोड, म्हणजे हस्तांतराचा गुप्त कोड, लागतो, तो लेखी मागा. नाही म्हणाले तर वकिलाकडे जा. तुमचं डोमेन डॉट इन असेल आणि ब्रँडच्या नावावर तुमचा हक्क दाखवता येत असेल, तर तक्रारीची वेगळी अधिकृत प्रक्रिया आहे. ती तुम्हाला लागू पडते का, हे कागद बघूनच सांगता येईल, म्हणून वकील हवाच.

बाकीच्यांनी हे वाचून आजच बघावं. रजिस्ट्रारकडचं खातं कुणाच्या ईमेलनं उघडलंय? ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? गुगल बिझनेस प्रोफाइल (नकाशावर दिसणारी तुमच्या व्यवसायाची नोंद) आणि सर्च कन्सोल (साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन), दोन्ही फुकट आहेत. त्यांची मालकी तुमच्या खात्यावर हवी. एजन्सीला कामापुरता प्रवेश द्या, काम संपलं की काढून घ्या. ‘आम्ही सगळं बघतो, तुम्ही काळजी करू नका,’ असं म्हणून पासवर्ड न देणाऱ्याकडे काम देऊच नका. यात मी कुणाचीही भीड ठेवत नाही.

आणि डोमेन मिळालं तरी नवी साइट मार्चमध्ये चढवू नका. पानांचे पत्ते बदलणार असतील तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नेमक्या नव्या पानाकडे कायमचं रीडायरेक्ट, म्हणजे ३०१, लावावं लागतं आणि ते किमान वर्षभर ठेवावं लागतं. ते लावायचं राहून गेलं की गिऱ्हाईक थेट ‘पान सापडत नाही’वर आपटतं. ऐन सीझनमध्ये हे निस्तरायला वेळ कुठला? हे काम पावसाळ्यात करा, आणि जुन्या-नव्या पत्त्यांची यादी साइट चढवण्याआधी एखाद्या तिऱ्हाईत जाणकाराकडून तपासून घ्या.

आमची फराळाची साइट चार महिने झाले तरी गुगलवर अजिबातच नाही. पेनल्टी बसली असेल का? (गृहउद्योग, नाशिक)

‘पेनल्टी’ हा ऐकीव शब्द फार स्वस्त झालाय. गुगलनं खरोखर कारवाई केली असेल तर सर्च कन्सोलमध्ये तसा संदेश दिसतो. तुमच्या साइटवर तसं काही नाही. ती वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर) केलेली आहे, आणि बनवताना सर्च इंजिनांना दूर ठेवण्यासाठी केलेली खूण सेटिंग्जमध्ये, ‘रीडिंग’खाली, अजून तशीच आहे. ती काढा.

दुसरी अडचण मोठी. तुमच्या मुख्य पानावर मजकूर असा नाहीच, सगळी पत्रकाची चित्रं आहेत. दरपत्रकाची पीडीएफ डीटीपीवाल्यानं श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये, टाइप केलीय. डोळ्यांना ‘अनारसे, अर्धा किलो’ स्वच्छ दिसतं, पण मी तीच ओळ उचलून नोटपॅडमध्ये टाकली तर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी आली. सर्च इंजिनला मिळते ती ही खिचडी. पदार्थ, वजन, भाव, कुठे पोचवता, हे सगळं युनिकोड मराठीत, म्हणजे मोबाइलवर टाइप करता तसं, पानावरच टाइप करून घ्या. त्यानंतरही महिन्याभरात साइट दिसली नाही, तर सर्च कन्सोल उघडून जाणकारासमोर बसा.

५० फाइव्ह स्टार रिव्ह्यूंचं पॅकेज मिळतंय. नकाशात वर येऊ का?

हे करू नका. खोटे रिव्ह्यू गुगल काढून टाकतं, आणि प्रोफाइलवर निर्बंधही घालू शकतं. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देणंही नियमात बसत नाही. नकाशातला क्रम मुख्यतः शोधाशी जुळणं, अंतर आणि व्यवसायाची ख्याती यांवर ठरतो. खऱ्या गिऱ्हाइकाला बिल देताना विनंती करा, आणि वाईट रिव्ह्यूला शांतपणे उत्तर द्या. आधीच विकत घेतले असतील तर पुढे काय करायचं ते प्रोफाइल बघितल्याशिवाय सांगणार नाही.

ऑक्टोबरमध्ये साइट सुरू केली तर नाताळचं बुकिंग येईल का? (होमस्टे, मालवण)

साइटवरून या वर्षी धरू नका. सुधारणा करून त्यांचा फायदा दिसायला बहुतेकदा चार महिने ते वर्ष लागतं, असं गुगलच्याच लोकांनी सांगितलंय. तुम्ही मेमध्ये विचारायला हवं होतं. आत्ता नकाशावरचं प्रोफाइल पूर्ण करा: खोल्यांचे खरे फोटो, चालू फोन नंबर, आणि अचूक पिन, नाहीतर पाहुणे रात्री शेजारच्या वाडीत पोचतात.

पैठणी विकतो. साइट मराठीत ठेवावी की इंग्रजीत? (येवला)

गिऱ्हाईक कुठलं, यावर आहे. सर्च कन्सोलमध्ये लोक कुठल्या शब्दांनी तुमच्यापर्यंत येतात ते दिसतं. ‘पैठणी’ देवनागरीतही शोधतात, रोमन लिपीतही. दोन्ही भाषा ठेवायच्या तर वेगवेगळी पानं करा आणि ती एकमेकांना एचरेफलँगनं (कुठलं पान कुठल्या भाषेचं, हे गुगलला सांगणारी कोडमधली खूण) जोडा. मशीनचं भाषांतर न वाचता चढवू नका. काठ, पदर, बुट्टी यांचं ते काहीही करून ठेवतं. दोन्ही भाषांत आधी पाचच पानं करा, ती एकदा जाणकाराला दाखवा आणि मग पुढची घ्या.