सिबिल 800 असलं तरी इथे कोरी पाटी, आणि बायकोची तर पाटीच नाही

तुमचा प्रश्न वाचला. नाशिकहून अमेरिकेत न्यू जर्सीला एच वनवर (नोकरीच्या व्हिसावर) येताय, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा तिकडचा स्कोअर, 800 च्या वर आहे, त्याचा इथे उपयोग होईल का आणि स्कोअर लवकर कसा वाढवायचा. आणि शेवटी एक ओळ, "मिसेस डिपेंडंट म्हणून येईल, तिचं नंतर बघू." खरं सांगते, त्या ओळीमुळेच लिहायला बसले.

आधी तुमचं उरकते. सिबिलचा उपयोग जवळजवळ शून्य. इथे इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन असे तीन ब्युरो, म्हणजे लोकांच्या उधारीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या, आहेत, आणि सिबिल ट्रान्सयुनियनच्याच मालकीची असली तरी तिकडची फाईल आपोआप इकडे येत नाही. तुमच्याकडे तिकडचं अमेरिकन एक्सप्रेसचं कार्ड असेल तर त्यांना जरूर विचारा, ते जुन्या ग्राहकाचा विचार करतात. नाहीतर सिक्युअर्ड कार्ड घ्या, म्हणजे 200 वगैरे डॉलर डिपॉझिट ठेवायचं आणि साधारण तेवढीच लिमिट मिळते. इथला पतीचा आकडा म्हणजे फायको स्कोअर, तो 300 ते 850 मध्ये असतो, पण सुरुवात 300 ने होत नाही, एखादं खातं सहा महिने जुनं होईपर्यंत स्कोअरच नसतो. त्यात 35 टक्के वजन वेळेवर भरण्याला आणि 30 टक्के उधारी किती आहे त्याला, पगार मात्र त्यात कुठेच नाही, म्हणजे तुमचं पॅकेज कितीही असो. आणि एक गोष्ट इथे येऊन वर्ष वर्ष झालेल्यांनाही कळत नाही, 500 ची लिमिट असताना 450 खर्च केले आणि ड्यू डेटला पूर्ण भरले तरी ब्युरोकडे बहुतेक वेळा स्टेटमेंटच्या दिवशीचा आकडा जातो, म्हणून स्टेटमेंट निघायच्या आधीच बरेचसे भरून टाका.

आता मिसेसचं. मी पुण्यात एका सहकारी बँकेत कर्ज विभागात होते. लोकांचे सिबिल रिपोर्ट वाचायचे, "सेटल्ड" (कर्ज पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेलं) दिसलं की फाईल साहेबांकडे जायच्या आधीच बाजूला काढायचे. आणि इथे एच फोरवर, म्हणजे एच वनवाल्याच्या बायकोच्या डिपेंडंट व्हिसावर, आले तर माझीच फाईल नाही. एच फोरवर कामाची परवानगी नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख नंबर, नुसतं "सोशल" म्हणतात) मिळत नाही, आणि ती परवानगी 2015 पासून मिळायला लागली तीही मुख्यतः नवऱ्याचं ग्रीन कार्डचं आय 140 (त्यासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालं की. (कंपनीच्या बदलीच्या व्हिसावर, एल वनवर, असतात तर बरं होतं, 2021 पासून त्यांच्या एल टू वाल्या बायकांना आल्या आल्या काम करता येतं.) फोनचं कनेक्शन घ्यायला गेलो तर काउंटरवरचा पोरगा सगळं नवऱ्याकडे बघून बोलत होता, मी बाजूला पर्स धरून उभी. नंतर वाचलं की 1974 चा कायदा येईपर्यंत इथल्या लग्न झालेल्या बायकांनाही बँका नवऱ्याच्या सहीशिवाय कार्ड द्यायला नाही म्हणायच्या. जरा बरं वाटलं, का ते माहीत नाही.

नवरा-बायकोचा स्कोअर एकत्र नसतो, हे डोक्यात ठेवा. तुमचं कार्ड आलं की तिला ऑथराइज्ड यूजर म्हणून, म्हणजे तुमच्याच खात्यावर तिच्या नावाचं कार्ड, घाला, सोशल नसताना चालतं का आणि तिचंही नाव ब्युरोकडे कळवतात का ते बँकेला आधी विचारा. टॅक्स एकत्र भरताना तिचा आयटीआयएन (सोशल नसलेल्यांना मिळणारा टॅक्सचा नंबर) काढा, काही बँका त्यावर कार्ड देतात.

आणि नाव! आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये तिचं नाव आणि पुढे तुमचं नाव, एकत्र. इथे एक ऑफिस त्याला मिडल नेम करतं, दुसरं दोन्ही जोडून एक नाव करतं, तिसरं गाळून टाकतं. मला पुढे सोशल मिळाला आणि रिपोर्ट काढला तर एका ब्युरोकडे माझी तीन नावं, मी कधीही न राहिलेला टेक्सासचा पत्ता आणि माझ्याच आडनावाच्या कुणा दुसऱ्या बाईचं एका दुकानाचं थकलेलं कार्ड. पासपोर्ट, लीज, लाईट बिल सगळं जोडून डिस्प्यूट (नोंद चुकीची असल्याची तक्रार) टाकला. कायद्याने साधारण 30 दिवसांत तपास करावा लागतो, केला, उत्तर आलं "व्हेरिफाइड". काय व्हेरिफाय केलं देव जाणे. परत टाकला तेव्हा कुठे निघालं. नवरा म्हणतो झालं ना आता, सोड. नाही सुटत. दुसऱ्यांचे रिपोर्ट तपासण्यात माझी नोकरीची वर्षं गेली हो.

म्हणून तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट बघत जा, तुम्हा दोघांचेही. ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर दर आठवड्याला फुकट मिळतात, स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. लीजवर दोघांची नावं घाला, आणि स्पेलिंग पहिल्या दिवशी ठरवून सगळीकडे तेच.

एकटेपणाचंही विचारलंय. होतो. जानेवारीत जास्त. पुढे.

हे मिसेसना वाचायला द्या, आणि त्यांना काही विचारायचं असेल तर त्यांनाच मला लिहू दे, तुमच्यामार्फत नको.