"डोळाच काढणार नाहीत ना हो?"

पापणीवरच्या गाठीची बायोप्सी झाली, रिपोर्टमध्ये बेसल सेल कार्सिनोमा (कातडीचा एक कॅन्सर) आला आणि सर्जरी सांगितली की माझ्यासमोर बसणाऱ्या दहातल्या आठ जणांचा पहिला प्रश्न हाच असतो. त्यावरून एक केस सांगते, ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदललेत.

काका सत्तरीचे, आयुष्यभर टेलरिंग केलेले, सोबत मुलगी. उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीच्या कडेला मोत्यासारखा चकाकणारा दाणा, खपली धरायची, पडायची, जरा रक्त यायचं, परत खपली. घरात सगळे रांजणवाडी समजून शेक देत राहिले, दीड वर्ष! तेवढ्याच जागेवरचे पापणीचे केस गळाले होते, ते कोणी मनावर घेतलं नाही. (केस गळणं आणि तिथल्या तिथे परत परत येणारी गाठ, ही दोन्ही सरळ डॉक्टरकडे जायची कारणं आहेत.)

मुलगीच बोलत होती. डोळा जाईल का, सुरी लागली की कॅन्सर पसरतो म्हणतात ते खरं का. मी सांगितलं, सुरी लावल्याने हा पसरत नाही, न लावल्याने आत शिरतो. शरीरात दुसरीकडे तो फार क्वचित जातो, पण जागेवर हळूहळू पोखरत राहतो, आणि नाकाकडच्या कोपऱ्यात असला तर जास्त खोल जायची भीती. अख्खा डोळा काढायची वेळ सहसा तेव्हाच येते जेव्हा तो मागे खोबणीत पोचलेला असतो. काकांचा स्कॅन स्वच्छ होता.

मग ऑपरेशन. गाठ आणि भोवतीची तीन-चार मिलिमीटर चांगली दिसणारी कातडी काढायची, कडा मायक्रोस्कोपखाली बघायच्या, कडेला कॅन्सर दिसला तर तेवढ्याच बाजूने अजून थोडं काढायचं. मोह्स सर्जरीत हे थराथराने करतात. गंमत म्हणजे ती आज जशी करतात तशी ताज्या टिश्यूवर करायची सुरुवात डॉ. मोह्स यांनी १९५३ मध्ये पापणीच्याच कॅन्सरवर केली, ऑपरेशनची फिल्म बनवायची होती आणि जुन्या पद्धतीला, म्हणजे आधी औषध लावून टिश्यू घट्ट करून मग कापायला, वेळ फार लागायचा म्हणून.

पाव पापणी गेली तर बहुतेक वेळा दोन कडा सरळ शिवता येतात. काकांची निम्म्याहून जास्त जाणार होती. अशा वेळी वरच्या पापणीच्या आतला पदर खाली ओढून लावतात, बाहेरून कानामागची कातडी, आणि तो पदर रुजेपर्यंत काही आठवडे डोळा बंदच, मग दुसऱ्या छोट्या ऑपरेशनमध्ये कापून उघडतात. मी कागदावर काढून दाखवलं. काका पहिल्यांदा बोलले, "म्हणजे अस्तर वरचं आणि कापड कानामागचं." यापेक्षा सोपं मलाही जमलं नसतं.

पण पुढचं वाक्य, "मग नकोच."

मुलगी चिडली, एवढं समजावतायत आणि तुमचं काय. मी पण चुकले, मला वाटलं चेहरा कसा दिसेल याची काळजी असणार म्हणून व्रण कसा फिका पडतो वगैरे सुरू केलं. काका ऐकून घेत होते आणि तो कागद हातात घेऊन बघत होते, बघताना मान डावीकडे वळवून उजवा डोळा कागदासमोर आणत होते. मी थांबले. विचारलं, "काका, डाव्या डोळ्याने किती दिसतं?"

"त्याने काय, माणूस आलं एवढं कळतं. लहानपणापासूनच."

मुलीला माहीत नव्हतं! इतकी वर्षं सुईत दोरा ओवला तो एका डोळ्याने, आणि आता नेमका तोच बंद ठेवणार, म्हणजे काही आठवडे अंधारच. नकोच म्हणणार ना माणूस.

दृष्टीची तपासणी पुढच्या आठवड्यात होती, तिथे ते कळलंच असतं, पण तोवर काकांनी येणंच बंद केलं असतं. त्याच दिवशी पापण्यांच्या सर्जनना कळवलं. त्यांनी प्लॅन बदलला, अस्तराचा तुकडा वरच्या पापणीतून सुटा काढून लावायचा आणि गालाची कातडी वर सरकवून त्यावर घ्यायची, म्हणजे डोळा उघडा राहतो. पट्टी फक्त सुरुवातीचे दोन दिवस, तेवढे दिवस मुलगी हाताला धरून फिरवायला. तेव्हा दुसऱ्या डोळ्याने कमी दिसत असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, कोणी विचारायची वाट बघू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा, मनाने बंद करू नका.

कडा स्वच्छ आल्या. नवीन पापणीला केस नाहीत, वाऱ्यात पाणी येतं, तपासणीला येत राहावं लागणार. टाके काढायच्या आधी काकांनी आरसा मागितला, मान वळवून बराच वेळ न्याहाळलं आणि सर्जनना म्हणाले, "टाका बारीक धरलाय, छान. पण इथे कोपऱ्यात जरा चुणी पडलीये."