बंदी न म्हणता घातलेली बंदी

प्रश्न असा आहे: आपण कांद्याची निर्यात थांबवली की बांगलादेशात ओरड होते, मग चीन-रशिया लहान देशांना दाबतात ते आणि हे एकच का?

नाही. आधी बघायचं, समोरच्याकडून काही हवंय का. 29 सप्टेंबर 2019 आणि 8 डिसेंबर 2023 च्या निर्यातबंद्या इथले भाव पाडायला होत्या. ढाक्याकडून काही मागायचं नव्हतं. भरडला गेला तो लासलगावात ट्रॅक्टर घेऊन उभा असलेला माणूसच.

खऱ्या दबावात मागणी असते, पण ती कागदावर येत नाही. कागदावर येते कीड. एप्रिल 2012 मध्ये दक्षिण चीन समुद्रातल्या स्कारबरो शोल या वादग्रस्त खडकावरून चीन आणि फिलिपिन्सची जुंपली. मे महिन्यात फिलिपिन्सच्या केळ्यांचे कंटेनर चिनी बंदरांत अडकले, कारण दिलं खवले किडीचं. तक्रार थोडी आधीची होती, पण कडक तपासणी सुरू झाली ती भांडण पेटल्यावर. केळं थांबत नाही, त्यामुळे बंदीचा हुकूम काढायचीही गरज नसते. चार दिवस उशीर पुरतो.

आता आपलंच उदाहरण. 2010 ला नाशिकची द्राक्षं युरोपात सीसीसीच्या (वेलीची वाढ आवरायला वापरतात ते रसायन) अंशामुळे अडकली होती. तो दबाव नव्हता. अंश खरंच होता, आपल्या तपासणीच्या यादीत सीसीसी नव्हतं. ते यादीत घातलं आणि वाट मोकळी झाली. फरक इथेच कळतो: दोष दुरुस्त केल्यावर माल सुटतो का? दबाव असेल तर प्रयोगशाळेचा दाखला कितीही स्वच्छ आणा, उपयोग नाही.

लिथुआनियाचं प्रकरण याहून पुढचं. नोव्हेंबर 2021 मध्ये त्याच्या राजधानीत, व्हिल्नियसला, ‘तैवान’ नावाने कार्यालय उघडलं. चीन तर तैवानला आपलाच भाग मानतो. चीनने राजनैतिक संबंधांचा दर्जा खाली आणला आणि डिसेंबरात चिनी कस्टम्सच्या संगणकात लिथुआनिया हा देशच दिसेना. पण लिथुआनियाची चीनला थेट निर्यात जेमतेम एक टक्का, त्याने कोण वाकणार? म्हणून लिथुआनियन सुटे भाग वापरणाऱ्या जर्मन कंपन्यांना पिळलं गेलं. शेजाऱ्याकडून समजूत घालायची, तसला प्रकार. युरोपीय संघ जानेवारी 2022 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला, पण असा हुकूम कुठे लिहिलेलाच नसतो, सिद्ध काय करणार? दोन वर्षांनी संघानेच तो खटला स्थगित केला आणि पुढे तो बारगळला.

म्हणजे ज्याचं गिऱ्हाईक एकच, तो अडकतो. 2006 मध्ये रशियाने जॉर्जियाची वाइन ‘आरोग्याला घातक’ म्हणून अडवली, तेव्हा तिथली बहुतेक वाइन रशियालाच जायची. सात वर्षं जॉर्जियाने दर्जा सुधारला, नवे देश शोधले. 2013 मध्ये बंदी उठली आणि जुनं गिऱ्हाईक पुन्हा दारात आलं. जास्त बाटल्या घेतो, अटी कमी घालतो. 2023 मध्ये निर्यातीतली निम्म्याहून जास्त वाइन परत रशियालाच गेली.