टाळेबंदी, ताळेबंद आणि हरताळ

'कारखान्यात ताळेबंदी' असा मथळा वाचून एका वाचकाने विचारलंय, शब्द बरोबर आहे का? आणि संप, हरताळ, टाळेबंदी ही एकाच गोष्टीची नावं का?

मथळा चुकलाय. ताळेबंद म्हणजे कंपनीची देणी आणि मालमत्ता मांडणारं पत्रक. त्यातला ताळा हिशेब पडताळण्याचा. कारखान्याला लागतं ते टाळं, म्हणून टाळेबंदी.

काम कोणी थांबवलं, यावर पुढचा शब्द ठरतो. कामगारांनी थांबवलं तर संप. मालकाने फाटक लावून घेतलं आणि 'अटी मान्य असतील तर आत या' म्हटलं, तर टाळेबंदी. दोन्ही तात्पुरती, समोरच्याला नमवण्यासाठी. मालकाने कायमचाच गाशा गुंडाळला तर तो 'कारखाना बंद'. त्याला टाळेबंदी म्हणू नये, कारण त्याचे कायदे आणि भरपाई वेगळी. २०२० मध्ये सरकारने सगळा देशच घरी बसवला, त्यालाही टाळेबंदी म्हटलं गेलं. रूढ झालंय, चालू द्या. पण तिथे मालकही बाहेरच होता.

हरताळ मुळात बाजारातला. हट्ट म्हणजे बाजार, ताळ म्हणजे कुलूप. दुकानदार निषेध म्हणून आपल्याच दुकानाला टाळं लावतो. त्यामुळे 'गिरणी कामगारांचा हरताळ' मला तरी हिंदीतून आल्यासारखा वाटतो. (नियमांना फासतात तो हरताळ निराळाच. ते पिवळं खनिज. पोथीतली चुकलेली अक्षरं त्याने झाकत.)

संप पुकारतात, तो चिघळतो, फुटतो, मिटतो किंवा मागे घेतला जातो. ही क्रियापदं जपून वापरावीत. मुंबईच्या गिरण्यांचा, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. तो '१९८३ मध्ये मिटला' असं सर्रास लिहितात. ना तडजोड झाली, ना तो रीतसर मागे घेतला गेला. मिटला कसा म्हणायचा? विरला म्हणा, हवं तर.

गुजरातीत 'संप' म्हणजे एकी, आणि काम थांबवणं म्हणजे हडताळ. आपल्याकडे अर्थ सरकला, तरी 'मिळून' हा भाग कायद्याच्या व्याख्येतही आहे. एकटा माणूस कामावर आला नाही तर ती गैरहजेरी. मग पन्नास जणांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर? वर्षानुवर्षं 'सामूहिक रजा' या नावाखाली हे खपून जायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती वाट अडवली: निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून घेतलेली अशी रजा म्हणजे संपच. त्याला चौदा दिवस आधी नोटीस लागते, टाळेबंदीलाही तेवढीच. तेव्हा युनियनच्या पत्रकात 'सामूहिक रजा' असं कितीही ठळक छापलं, तरी नोटीस चुकत नाही.