घरी फळांच्या स्वादाची सायडर (आंबवलेल्या सफरचंदाच्या रसाची दारू) करायचीय, बाटली भरताना सिरप घातलं तर चालेल का?

नाही चालणार. निदान तुम्ही लिहिलंय तसं तर नाहीच. ‘डेमीजॉनमधले (आंबवायच्या मोठ्या काचेच्या बरणीतले) बुडबुडे थांबले की काचेच्या बाटल्या भरणार, प्रत्येकीत दोन मोठे चमचे स्ट्रॉबेरी सिरप घालणार, म्हणजे गोडीही येईल आणि फेसही’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि मला आमच्या भाऊजींचाच आवाज ऐकू आला. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आम्ही इंग्लंडात हेरफर्डशरमध्ये राहतो. हा सगळा सायडरच्या सफरचंदांचा मुलूख. ऑक्टोबरात लोक परसातली जादा फळं खोक्यात भरून फाटकाबाहेर ठेवतात, वर ‘फुकट, न्या’ अशी चिठ्ठी. त्यातली बरीचशी ब्रॅमली, म्हणजे स्वयंपाकातली आंबटढाण. तिच्यात निम्मी गोड खायची सफरचंदं मिसळली की रस चांगला जमतो. साधारण 8 किलो फळांतून एक डेमीजॉन, म्हणजे साडेचार लिटर रस निघतो. धाकटे दीर स्विंडनहून दिवाळीला आले होते, तेव्हा आम्ही मिळूनच रस पिळला. हायड्रोमीटरवर, म्हणजे रसात साखर किती ते दाखवणाऱ्या तरंगत्या काचेच्या नळीवर, 1.048 आला (साध्या पाण्याचा 1.000). एकच रस, एकच यीस्ट. निम्मे डेमीजॉन त्यांचे, निम्मे माझे.

डिसेंबरात थंडी पडली आणि एअरलॉक (डेमीजॉनवरची, आतला गॅस बुडबुड्यांनी बाहेर सोडणारी बुचं) गप्प झाले. भाऊजी न्यायला आले. मी त्यांच्या डेमीजॉनमधला रस मोजून दाखवला: 1.012. म्हटलं, अजून साखर शिल्लक आहे, यीस्ट गारठून बसलंय, घरात उबेला ठेवा आणि 1.000 च्या खाली जाऊ द्या. तर म्हणे, “वहिनी, तुम्हाला प्रत्येक गोष्टीचा लॅब रिपोर्ट लागतो. इथले शेतकरी काय हायड्रोमीटर घेऊन बसायचे?” (ते लाकडी पिंपात ठेवायचे हो, झाकण ठोकलेल्या काचेच्या बाटलीत नाही. पण हे मला नेहमीप्रमाणे ते गेल्यावर सुचलं.)

घरी जाऊन त्यांनी सासूबाईंनी सावंतवाडीहून पाठवलेलं अमृत कोकम बाटलीमागे दोन मोठे चमचे घातलं आणि बाटल्या भरल्या. बाटल्या कुठल्या, तर भेटवस्तूंच्या दुकानातल्या, चौकोनी, वर चिनी मातीचं बूच आणि तारेची कडी. दिसायला अप्रतिम. गुलाबी रंगाचा फोटो घरच्या ग्रुपवर पडला, भाऊजींचं जोरदार कौतुक झालं. माझी सायडर तेव्हा अजून गढूळच होती, त्यावरूनही दोन-चार टोमणे आलेच.

एप्रिलात ऊन पडलं. त्यांच्या युटिलिटीतल्या कपाटात, बॉयलरच्या शेजारी, एक बाटली फुटली आणि तिच्या दणक्याने बाकीच्या. घरात कुणी नव्हतं हे नशीब. मी पाहिलंय ते कपाट. आतल्या बाजूने प्लायवुडच्या दारात काचेचा बोटभर तुकडा रुतलेला होता, साधारण माणसाच्या छातीच्या उंचीला. इस्त्रीचे कपडे सगळे गुलाबी. आणि भाऊजी आजही कुणी विषय काढला की सांगतात, “बाटल्याच हलक्या निघाल्या.”

आता हिशेब मांडते, म्हणजे एकदाचा निकाल लागेल. यीस्ट साखर खातं आणि त्यातून गॅस होतो, बंद बाटलीत त्याचाच दाब चढतो. बाटलीत नैसर्गिक फेस आणायला लिटरला 6 ते 8 ग्रॅम साखर पुरते. 1.012 म्हणजे लिटरमागे सुमारे 30 ग्रॅम साखर आधीच उरलेली. अमृत कोकमात वजनाने निम्म्याहून जास्त साखर असते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत दोन मोठ्या चमच्यांतून किमान 20 ग्रॅम, लिटरला 40. झाले 70. शॅम्पेनला दुसऱ्या आंबवणीसाठी लिटरला 24 ग्रॅमच्या आसपास साखर घालतात आणि तेवढ्याने आत 6 बारच्या घरात, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे सहापट, दाब येतो. म्हणून ती बाटली एवढी जाडजूड असते. सत्तर ग्रॅमला ती शॅम्पेनची बाटलीही दगा देऊ शकते. चौकोनी बाटली वाईटच, कोपऱ्यांवर ताण येतो, दाबाच्या कामाला गोलच हवी. पण बाटल्या चांगल्या असत्या तर स्फोट फक्त उशिरा आणि जास्त मोठा झाला असता, भाऊजी.

तुमचं स्ट्रॉबेरी सिरप वेगळं नाही. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह आहे म्हणून आधीच कामाला लागलेलं यीस्ट थांबेल, या भरवशावर तर मुळीच राहू नका.

मग स्वाद कसा आणायचा? फळ घाला, सिरप नको. पहिली आंबवणी ओसरली की गाळ खाली ठेवून सायडर नळीने दुसऱ्या डेमीजॉनमध्ये काढा, त्यात गोठवलेल्या ब्लॅकबेरी किंवा स्ट्रॉबेरी टाका, वर थोडी जागा सोडा. फळातलीही साखर यीस्ट खाणारच, ती इथेच खाऊ द्या. मी कोकमाची सुकी सोलं घालते, बिनमिठाची. रंग भाऊजींच्या फोटोइतकाच येतो, फक्त प्यायलाही मिळतो. बुडबुडे बघून ठरवू नका. आठवड्याच्या अंतराने हायड्रोमीटरचा आकडा तोच आला आणि तो 1.000 किंवा त्याखाली असला, तरच लिटरला 6 ग्रॅम साखर मोजून घालून बाटल्या भरा.

गोडीचं मात्र मनासारखं होणार नाही. दुकानातली गोड, फेसाळ, स्ट्रॉबेरीची सायडर कंपन्या पाश्चराइझ करतात किंवा बारीक गाळतात, वर गॅस भरतात. घरी एकतर गोड घ्या नाहीतर फेसाळ. दोन्ही हवं असेल तर यीस्टला न पचणारी गोडी घाला, सुक्रालोज किंवा एरिथ्रिटॉल. झायलिटॉलही चालतं, पण घरात कुत्रा असेल तर ते आणूच नका, कुत्र्यांना ते विषारी आहे.

बाटल्यांचं विचारलं होतंत. पहिल्या खेपेला सोड्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या. दाबून बघता येतात. दगडासारखी घट्ट लागली की फ्रिजमध्ये ठेवायची आणि लगेच संपवायची. काच हवीच असेल तर बिअरच्या किंवा शॅम्पेनच्या, गोल, टवका न गेलेल्या. निर्जंतुक करणं वगैरे तुम्हाला माहीतच असेल.

रस विकतचा आणणार असाल तर लेबलवर पोटॅशियम सॉर्बेट हे प्रिझर्व्हेटिव्ह नाही ना ते बघा, असेल तर आंबवणी धड सुरूच होत नाही. आणि हे सगळं इथलं झालं, घरच्यापुरतं, विकायचं नाही. तुम्ही कुठून विचारताय ते लिहिलेलं नाही. महाराष्ट्रात असाल तर 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरीसुद्धा दारू करणं गुन्हा आहे आणि सायडर त्यात येते. तिथे कोकम सरबतच करा, त्यात दोन काय, चार चमचे घाला.