गरम गाडी सेल्फ घेत नाही? स्टार्टर बदलण्याआधी केबल मोजा

गाडी तापली की सेल्फ घेत नाही, हे तुमचं वर्णन वाचलं आणि माझी गाडीच डोळ्यांसमोर आली. सकाळी एका सेल्फमध्ये चालू, कामावर जाईपर्यंत झकास. मग वाटेत पेट्रोलसाठी दहा मिनिटं बंद केली की सेल्फ असा जड फिरतो, जणू बॅटरी संपत आली आहे. अर्धा-पाऊण तास थांबलं की पुन्हा पहिल्यासारखी. वीस वर्षांची स्पोर्ट्‌स कार, ती रोज चालवायचा तुमचा निश्चय, आणि गॅरेज म्हणतंय "स्टार्टर गेलाय, बदलून टाकू" (स्टार्टर म्हणजे सेल्फ मारल्यावर इंजिन फिरवणारी मोटर). यातूनच मी दीड वर्ष गेलो आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

माझ्या गाडीचं नाव मुद्दाम देत नाही. दोष कंपनीचा नव्हता. इतकी वर्षं ओल आणि इंजिनची उष्णता खाल्लेली तांब्याची तार कुठल्याही गाडीत अशीच होते. इंजिन मागे किंवा मध्यभागी आणि बॅटरी पुढे असली, तर केबल गाडीच्या पार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि मध्ये जोडही असतात. तुमच्याही गाडीत बॅटरी पुढे आणि इंजिन मागे आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून माझा संशय सरळ तिकडेच जातो.

माझी घोडचूक एकच होती. मी गॅरेजला दर वेळी "काय बदलायचं?" असं विचारलं. "काय मोजलंत?" असं एकदाही विचारलं नाही. आधी बॅटरी बदलली. महिन्याभराने स्टार्टर, त्यासाठी वरचं अर्धं इनटेक (इंजिनला हवा पोचवणारा भाग) उतरवावं लागलं. नंतर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. आणि दर वेळी गाडी आठवडा-दोन आठवडे चांगली चालू व्हायची! त्यामुळे माझीही खात्री पटायची की इलाज बरोबर होता. खरं कारण फार नंतर कळलं. पार्ट बदलताना टर्मिनलचे नट सुटायचे, घासले जायचे, पुन्हा घट्ट व्हायचे. तेवढ्याने संपर्क थोडा सुधारायचा. फरक पडायचा तो नव्या पार्टमुळे नाही, हे ध्यानात घ्या, कारण याच जागी माणूस फसतो.

त्यात स्टार्टर काढताना जुनी, कडक झालेली एक व्हॅक्यूमची नळी चिरली. मग आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनचं संथ चालणं) बिघडलं. म्हणजे नसलेलं दुखणं मागे लागलं. जुन्या गाडीत प्रत्येक उघडझाप काहीतरी मोडते: प्लॅस्टिकच्या क्लिपा, सुकलेल्या नळ्या, कनेक्टरची कानं. म्हणून अंदाजाने पार्ट बदलणं नव्या गाडीत फक्त महाग पडतं. जुन्या गाडीत त्याने वेगळं नुकसान होतं.

गॅरेजचं नाव घेणार नाही, पण राग अजून गेलेला नाही. मी दोनदा विचारलं होतं की वायरिंगमध्ये काही असेल का. उत्तर मिळालं, "एवढी जाड केबल कशी खराब होईल? आणि कॉम्प्युटरला काही दिसत नाही." अहो, कॉम्प्युटरला दिसणार कसं? स्टार्टरच्या केबलमध्ये किती व्होल्ट वाटेतच गळतात, ते स्कॅनर मोजत नाही. ते मल्टिमीटरने, गाडी गरम असताना, सेल्फ मारताना मोजावं लागतं. दोन माणसं आणि पाच मिनिटं, एवढंच काम. दीड वर्षात तिथे कुणीही ते केलं नाही.

शेवटी मी स्वतः मोजलं. मीटरची लाल टोचणी बॅटरीच्या प्लसच्या खुंटीवर धरली (क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खुंटीवर) आणि काळी टोचणी स्टार्टरच्या मोठ्या बोल्टवर. भावाने आतून सेल्फ मारला. मीटरवर 2.1 व्होल्ट! ही केबलमध्येच वाया जाणारी ताकद. या बाजूला अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर काहीतरी बिघडलंय असं समजा. अर्थच्या बाजूला, म्हणजे इंजिनचं धातूचं अंग आणि बॅटरीची मायनस खुंटी यांच्यात, 0.2 च्या आसपास किंवा कमी हवा. तिथे माझी गाडी ठीक निघाली.

मग एकेक जोड धरून पुढे सरकलो. शेवटचा एक फूट सापडला. वरून आवरण ठणठणीत, कुठे चीर नाही, पण लगच्या (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) क्रिम्पजवळ, म्हणजे ती तारांवर दाबून बसवलेली असते तिथे, बोटाने दाबलं तर आतून करकर लागली. ब्लेडने आवरण उभं कापलं, तर आत तांबं नव्हतंच म्हणायचं. हिरवा कळंक, आणि तारा नखाने मोडत होत्या. थोड्याच तारा धड होत्या आणि सगळा करंट त्यांच्यातून जात होता.

यामागचं गणित साधं आहे. सेल्फ मारताना 200 अँपिअर जात असतील तर फक्त 0.01 ओहमचा रोधसुद्धा 2 व्होल्ट खातो. तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला साधारण 0.4 टक्क्यांनी वाढतो. 60 अंश वाढले की जवळपास पाव भाग जास्त. त्यात कळंकलेला जोड करंटमुळे स्वतःही तापतो आणि गरम स्टार्टरच्या गुंडाळीचा रोधही वाढलेला असतो. म्हणून सकाळी थंड असताना निभावतं आणि पेट्रोल पंपावर अडतं. केबल बदलली, त्या दिवसापासून आजवर तक्रार नाही.

मी मेकॅनिक नाही, हे आधीच सांगतो. करणार असाल तर एवढं पाळा: गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि गरम इंजिनचा पंखा गाडी बंद असतानाही अचानक फिरू शकतो. बहुतेक गाड्यांत स्टार्टरच्या केबलला फ्यूज नसतो, त्यामुळे पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणगीवर निभावत नाही, पाना चिकटतो. मोजून झाल्यावर काही सोडायचं असेल तर आधी मायनस काढा. हात बसलेला नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, पण मोजलेला आकडा कागदावर लिहून मागा. आकडा देत नसेल तर तिथून निघा.

"अशी गाडी रोज वापरूच नये" असं तुम्हाला बरेच जण सांगतील. मला ते पटत नाही. उभ्या गाडीचे सील सुकतात, बॅटरी उतरते, ब्रेक चिकटतात. चालती गाडीच नीट राहते. फक्त रोजचा प्रवास पाच-सात मिनिटांचा असेल तर मी खरंच नको म्हणेन. पाण्याच्या तापमानाचा काटा लवकर मध्यावर येतो, तेल तापण्यात मात्र बरंच मागे असतं. ओल आणि कच्चं पेट्रोल तेलात राहून जातं. बीएमडब्ल्यूच्या ई-46 एम-3 मध्ये टॅकोमीटरवर (इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या तबकडीवर) दिवे असतात आणि तेल जसं तापतं तसे ते एकेक विझतात. तो संकेत फार हुशारीचा आहे. तुमच्या गाडीत नसेल तर मनातल्या मनात ते दिवे लावा आणि पहिली पंधरा मिनिटं इंजिन पिळू नका. वँकेल इंजिनवाल्यांनी (पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेलं इंजिन; माझदाच्या आर-एक्स-7, आर-एक्स-8) तर गाडी नुसती अंगणातून हलवून लगेच बंद करू नये, पेट्रोल साचून ती पुन्हा चालू होत नाही.

दुसरं, एकदा उघडलंच आहे तर आतलं जवळचं काम त्याच वेळी करा. पोर्शे 911 च्या 996 पिढीतल्या साध्या कॅरेरात क्लचसाठी गिअरबॉक्स उतरलाच असेल तर आयएमएस बेअरिंग (इंजिनच्या आतल्या मधल्या शाफ्टचं, ते मोडलं तर इंजिनच जाऊ शकतं) आणि मागचं मेन सील (क्रँकशाफ्टपाशी तेल अडवणारं) बघूनच वर चढवावा. त्याच पिढीच्या टर्बो आणि जीटी-3 मध्ये इंजिन वेगळं, तिथे ती बेअरिंगची भीती नाही. फेरारी एफ-355 मध्ये टायमिंग बेल्टसाठी इंजिनच खाली घ्यावं लागतं, मग कूलंटच्या जुन्या नळ्या तशाच ठेवणं मला तरी समजत नाही. अंदाजाने पार्ट बदलणं आणि हे, दोन्ही वेगळं आहे. हे आधी ठरवून करायचं काम.

टायरचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, तरी विचारतो. कडेवरचे शेवटचे चार आकडे बघा. 2315 असेल तर 2015 सालचा 23 वा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, दहा वर्षांचं रबर ओल्या रस्त्यावर या ताकदीला धरत नाही. ते आधी बदला. आणि विमा घेताना गाडीची किंमत आधीच ठरवून लिहून घेता येत असेल तर तसाच घ्या, बाजारभावावर सोडू नका.

आता तुमचं काम. दोन्ही आकडे, प्लसच्या बाजूचा आणि अर्थचा, मोजून कळवा. शिवाय सेल्फ मारताना खुद्द बॅटरीच्या दोन खुंट्यांवर किती व्होल्ट राहतात तेही; 9.6 च्या खाली जात असेल तर आधी बॅटरीच बघू. आणि मोजाल ते गाडी अडते तेव्हाच, तापलेली असताना. सकाळचा आकडा पाठवू नका, तो चांगलाच येणार.